घरीच तर असते

बसवनगुडी
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

डबा रिकामा परत आला. घासून, पुसून, आतून कोरडा ठणठणीत. अंजली, घरच्या माणसाचा डबा परत पाठवताना त्यात काहीतरी घालायचं असतं. चमचाभर साखर चालते, दोन लवंगा चालतात. पुण्यात ही रीत नाही असं सांगू नकोस, तुझ्या आईने दिवाळीत माझ्या डब्यातून चिवडा पाठवला होता. म्हणजे रीत तुला ठाऊक आहे आणि तू मुद्दाम रिकामा पाठवलास. तो राग मला पोचला. पोचला हे तुला कळावं म्हणून आधी हेच लिहिलं.

आता आशीर्वाद. तुला आणि मुग्धीला. संतोषला तोंडी दिला, तो समोर बसून उप्पीट खातोय. तुझा नवरा झाला तरी माझा नातू आहे, मी वाढवलेला, तेव्हा दोन वेळा वाढल्याशिवाय सोडणार नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाचा तुमचा महादेवपुरा कुठे पळून जात नाही.

पत्र लिहितेय कारण तू माझा फोन उचलत नाहीस. उचललास तरी मी ओरडून बोलते आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातं असं संतोष म्हणतो. माझी शाळा सोलापुरात चौथीपर्यंत. पुढे लग्न होऊन या गावात आले ती कन्नड बोलण्यातच जन्म गेला, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझा सासरा म्हणत होता, आई तू सांग, मी लिहितो. त्याला म्हणलं, नरसिंगा, तू दुकान बघ.

भांडण कशावरून झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही, म्हणून माझ्या बाजूचं सांगते. मुग्धीचं हे शेवटचं बोरन्हाण. पुढच्या संक्रांतीला ती मोठी झालेली असेल, मग कोण करतं. शुक्रवार धरला, कारण शुक्रवारी तू हापिसात जात नाहीस, घरून काम करतेस. तू सकाळीच आलीस, वरच्या खोलीत तुझा लॅपटॉप मांडलास आणि मला म्हणालीस, "अज्जी, सहापर्यंत मला हाक मारू नका. सहानंतर मी तुमचीच." मी सरी, बरं म्हणलं. म्हणलं होतं, नाही म्हणत नाही. पण बायका चारपासूनच यायला लागल्या. दिवेलागणीला ज्याला त्याला आपलं घर असतं. शेजारची चंपा पाट मांडून मोकळी झाली. मुग्धी काळ्या फ्रॉकात, डोक्याला हलव्याचा मुकुट, तोंडात हलवा, पाटावर किती वेळ टिकणार? मुकुट अर्धा तिनेच खाल्ला. आणि आईशिवाय बोरन्हाण कसलं?

म्हणून वर आले. तू खुर्चीत बसली होतीस. हात मांडीवर, तोंड बंद, समोर लॅपटॉपच्या पाटीत चार-पाच माणसांची डोकी. मी म्हणलं, ही तर नुसती बसलीय. हाताला धरलं, पाच मिनिटं ये म्हणलं, पोरीच्या डोक्यावर माप ओत आणि परत येऊन बस. तू ओठावर बोट ठेवलंस. मी ओढलं. आलीस.

बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा, सगळं ओतलंस. पोरांची झुंबड उडाली, मुग्धी खिदळली. तूही हसलीस, मी पाहिलं, आता नाही म्हणू नकोस. चंपाने तेवढ्यात फोटो काढला आणि गल्लीच्या ग्रुपात टाकला. फोटो चांगला आलाय. चंपाचा जावई रघुनंदन तुझ्याच हापिसात, तुझ्याच टोळीत आहे आणि त्या ग्रुपातही आहे, हे तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं म्हणे. चंपाच्या! तिला जावयाच्या बुटाचा नंबर पाठ आहे.

पुढचं संतोषकडून कळलं. सोमवारी तू हापिसात गेलीस तर कुणीतरी म्हणालं, "हाफ-डे मॅडम, आमचा तिळगूळ कुठंय?" सगळे हसले. तूही हसलीस. आणि घरी येऊन मुग्धीला जेवायला घालताना रडलीस. हे संतोषने सांगायला नको होतं, पण त्याच्या पोटात काही राहत नाही, लहानपणापासून.

तेव्हापासून तू इकडे आलेली नाहीस. मी पाच मिनिटं मागितली, त्यात माझं काय चुकलं ते लिही. मोठ्या अक्षरात लिही, डोळ्यात मोतीबिंदू आहे.

डब्यात अवरेकाळूची, आपल्या पावट्याची, उसळ आहे. शेंगा सोलून, दाणे भिजवून, एकेक दाणा चिमटून साल काढलेली. तिखट कमी घातलंय. मुग्धीसाठी घातलंय, तुझ्यासाठी नाही.

शारदाबाई


बसवनगुडी
रविवार, ८ फेब्रुवारी

पत्र पोचलं. खडीसाखरही पोचली. खडा एवढा मोठा आहे की फोडायला बत्ता घ्यावा लागला, म्हणजे राग अजून आहे. असू दे.

तू लिहितेस, त्या वेळी तू गप्प होतीस कारण पलीकडून गिऱ्हाईक आपलं दुखणं सांगत होतं. ते नीट ऐकायचं आणि मग त्याला उत्तर द्यायचं, हेच तुझं काम. बोरन्हाण करतानाही तुझ्या कानात ती पांढरी बोंडं होती आणि करवे ओतता ओतता तू ऐकत होतीस. वर गेलीस आणि उत्तर दिलंस. बरोबर दिलंस. मग झालं की! गिऱ्हाईकाचंही झालं, पोरीचंही झालं. हे मी लगेच चंपाला ऐकवलं. ती म्हणाली, फोटोत तर बोंड दिसत नाही. नरसिंगाला सांगून फोटो मोठा करून बघितला. खरंच दिसत नाही, केसाखाली गेलंय. केस मोकळे कशाला सोडायचे? संतोष म्हणतो, अज्जी, बोंड दिसलं असतं तर काय फोटो घेऊन तिच्या हापिसात जाणार होतीस?

तुझं एक वाक्य मी परत वाचलं. "सकाळी सगळ्यांच्या आधी मी जाते तेव्हा बघायला कुणी नसतं, तीनला मुग्धीला आणायला निघते तेव्हा मात्र सगळे वर बघतात." आणि संध्याकाळी घरी परत लॅपटॉप उघडून बसतेस, ते तर कुणाच्याच खिजगणतीत नाही. कंपनीनेच ही सवलत दिली, कागदावर सही करून दिली, तरी निघताना तू पर्स आधी जिन्याजवळ नेऊन ठेवतेस, म्हणजे उठताना हातात काही दिसू नये. अगं, ही काय तऱ्हा? चोरी करतेस का?

बाई, हे मला नवं नाही. संतोषचा आजा गेल्यावर मी याच घरात ब्लाउज शिवायची. नातेवाईक यायचे आणि पोरं सोडून जायचे. शारदाक्का घरीच तर असते, म्हणायचे. पायाशी तीन-चार पोरं आणि वर मशीन. पण माझ्या मशीनचा आवाज तरी यायचा. आवाज आला की आलेला माणूस दारातून म्हणायचा, काम चाललंय वाटतं. तुझ्या कामाला आवाज नाही. शिवणारा माणूस खोलीत शिरला तर दिसतो. ऐकणारा माणूस दिसत नाही. मग मी हाताला धरून ओढलं तर त्यात नवल काय? माफी मागत नाही, समजावून सांगते.

पत्राच्या शेवटी तू लिहितेस की टोळीत मोठं नवं काम आलंय, जर्मनीच्या गिऱ्हाईकाचं. त्याची पुढारी तू होणार की रघुनंदन, ते तुमची मोठी बाई पवित्रा ठरवणार. मला ते हवंय असं काही तू लिहिलं नाहीस. पण पानाचा सगळा खालचा भाग त्याच्यावर घालवलास. म्हणजे हवंय.

तर काळजी करू नकोस. काल चंपाकडे रघुनंदन जेवायला आला होता. मलाही बोलावलं होतं. मी त्याच्याशी बोलले आहे. आता तुला कुणी काही म्हणणार नाही. कसं बोलले ते विचारू नकोस, माणसं हाताळायला शाळा लागत नाही.

मुग्धीला खोकला आहे म्हणे. आल्याचा पाक केलाय, बाटली उभी ठेव.

शारदाबाई


बसवनगुडी
रविवार, १५ फेब्रुवारी

आज शिवरात्र, पोटात काही नाही, त्यामुळे जीभ रोजच्यापेक्षा कडू आहे. सांभाळून घे.

संतोषने तुझं पत्र माझ्या हातात दिलं आणि दोन पावलं मागे सरकला. उघडल्यावर कळलं का ते. तुझं पेन कागदातून आरपार गेलंय. "अज्जी, तुम्ही रघुनंदनला नेमकं काय म्हणालात?" एवढंच वर, आणि खाली रेघ.

नेमकं सांगते. लपवण्यासारखं असतं तर मागच्या वेळीच लपवलं असतं. थोडं लपवलं होतं.

चंपाने होळिगे, आपल्या पुरणपोळ्या, केल्या होत्या. रघुनंदन पाटावर बसला, मी समोर.

"रघू," मी म्हणलं, "आमच्या अंजलीला हाफ-डे कोण म्हणतं रे?"

"अय्यो अज्जी, थट्टा असते ती. तिच्या कामाला कोण नाव ठेवणार? टोळीत सगळ्यात हुशार तीच."

"मग?"

"मग काय. तीन वाजले की खुर्ची रिकामी. माणूस विचारतो ना, कुठे गेली?"

"पोरीला आणायला गेली. तुझ्या पोराला शाळेतून कोण आणतं?"

"अत्ते आणतात," तो सासूकडे बघून म्हणाला. चंपाने पदर सावरला, जशी काही आरती ओवाळतायत.

"म्हणजे तुझी खुर्ची चंपामुळे भरलेली असते."

"शारदाक्का," चंपा म्हणाली, "जावयाला जेवू दे."

इथवर मी बरोबर होते, तूही कबूल करशील. इथेच उठून आले असते तर आज तुझं पेन कागदात घुसलं नसतं. पण चंपाचं तोंड उतरलं आणि मला वाटलं, आता नरमाईने घ्यावं. म्हणलं, "हे बघ बाळा. ती लहान लेकराची आई आहे. तिच्यावर बोजा टाकू नका. मोठी कामं तुम्ही पोरांनी घ्या, ती घर सांभाळून जमेल तेवढं करील. फक्त तिला कुणी बोलू नका."

"सरी अज्जी," तो म्हणाला. "नक्की सांगतो मॅडमना."

मला केवढा गुणी वाटला! त्याच्या पानात मी आणखी एक होळिगे वाढली. वर तूप.

आणि त्याने खरंच सांगितलं. पवित्राने तुला बोलावून म्हणलं, घरच्यांचं म्हणणं आमच्या कानावर आलं, मुलगी लहान आहे, तू इतक्यात ताण घेऊ नकोस, जर्मनीचं काम रघुनंदन बघेल. वर चहा पाजला. तू लिहितेस की ती वाईट बोलली असती तर तोंडावर उत्तर देता आलं असतं, पण ती तुझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तू थँक्यू म्हणून बाहेर आलीस.

हे वाचून मी नरसिंगाचा चहा करायचा विसरले.

अंजली, रघुनंदन लबाड आहे असं मी शोधून बघितलं. सापडलं नाही. मी सांगितलं ते त्याने सांगितलं, त्यात त्याचा फायदा होता म्हणून जरा लवकर सांगितलं इतकंच. तुमच्या हापिसातल्या कुणी तुझं वाकडं केलं नसतं ते मी एका जेवणात केलं, आणि मायेने केलं. माफी मागायचा शब्द माझ्या तोंडात बसत नाही, दात नाहीत म्हणून असेल. पण त्या होळिगेचं मला फार वाईट वाटतंय.

तू बजावलं आहेस, रघुनंदनशी परत बोलायचं नाही, चंपाशी त्या विषयावर नाही, आणि संतोषकडे पवित्राचा नंबर मागायचा नाही. शेवटचं तुला कसं कळलं? मागून झाला होता. त्याने दिला नाही. बरा निघाला.

तर मी कुठे जाणार नाही. तू जा. पवित्रापुढे जाऊन बस आणि सांग, माझ्या कामाचं माझ्याशी बोला. काय झेपतं आणि काय नाही ते मी सांगीन. माझी आजेसासू मला आवडते पण ती माझी साहेब नाही. "आवडते" नको वाटलं तर गाळ.

एक गोष्ट राहिली. पानाच्या कोपऱ्यात बारीक लिहिलं आहेस की नोकरीच सोडावीशी वाटते, म्हणजे कुणाला काही समजावत बसायला नको. ती ओळ मी चष्मा लावूनही वाचलेली नाही. कळलं ना?

आज डब्यात फक्त रताळ्याचा कीस. उपास तुझा नसला तरी खा.

शारदाबाई


बसवनगुडी
रविवार, १ मार्च

अंजली, आज आधी तुझ्या नवऱ्याची गोष्ट. तो आला तो फुगूनच आला. चप्पल काढायच्या आधी फोन काढला.

"अज्जी, बघ."

फोटो. तो आपल्या हापिसात खुर्चीवर, मांडीवर मुग्धी, दोघं दात काढून हसतायत. खाली टाळ्या वाजवणारे हात आणि लाल बदाम, ओळीने. त्याच्या साहेबाने लिहिलंय म्हणे, बाप असावा तर असा.

मी विचारलं, हे कधीचं? तर तुला मागच्या आठवड्यात दिवसभर हापिसात बसावं लागलं, तेव्हा मुग्धीला आणायचं काम याच्याकडे होतं. एके दिवशी तिला घरी न नेता हा तिला आपल्याच हापिसात घेऊन गेला.

"तू तीनला उठलास तेव्हा कुणी वर बघितलं?"

"बघितलं की! सगळे म्हणाले, जा जा, लेक वाट बघत असेल. एकीने तिच्यासाठी चॉकलेट दिलं."

"मग संध्याकाळी घरी बसून राहिलेलं काम केलंस?"

"स्वल्प मेल बघितले."

"आणि तुला हाफ-डे कोण म्हणालं?"

तो हसला. मग त्याचं हसू आपोआप आत गेलं. फोन खिशात ठेवला आणि डबा कुठाय म्हणून स्वयंपाकघरात गेला. वाढवलेलं पोर आहे, अगदीच वाया गेलेलं नाही.

तुझाही फोटोच होता, अंजली. तीच पोर, तेच हसणं. मी रागावले नाही. रागावून काय करायचं, दोघं माझेच. पण तुला हे सांगितल्याशिवाय राहवलं नाही, कारण तू लिहितेस की दोष तुझ्याच वागण्यात असेल, तू जास्त बोलायला हवं होतंस, जास्त थांबायला हवं होतंस, कधीतरी मुद्दाम सहापर्यंत बसून दाखवायला हवं होतंस. काही नको होतं. संतोषने काही करून दाखवलं नाही. तो नुसता उठला.

आता तुझं पत्र. ते मी दोन्ही खोल्यांत हिंडून वाचलं. तू गेलीस! पवित्रासमोर बसलीस आणि म्हणालीस, "माझी अडचण काय ते मला विचारा, माझ्या घरच्यांना नको." ती म्हणाली, मला वाटलं तुला मदत होईल. तू म्हणालीस, मदत करायची तर काम द्या, वेळ माझ्यावर सोडा. असं तोंड वर करून बोललीस! पुण्याची म्हणून मी तुला लग्नात जरा भ्यायलेच होते. भ्यायले ते बरोबरच होतं. रघुनंदन म्हणे बाहेर येऊन तुला म्हणाला, "तूच घे, मला जर्मन लोकांची भीतीच वाटते." असू दे, मोठेपणा घ्यायला त्यालाही काहीतरी लागतं. होळिगेपैकी अर्धी वसूल झाली.

पण मग पुढचं पान. काम तुला देते, पवित्रा म्हणाली, मात्र सोमवार, बुधवार आणि गुरुवार दुपारी साडेतीनपासून संध्याकाळपर्यंत जर्मनीशी बोलणं असेल, ते टळणार नाही. उद्या सोमवारी सांग, घेतेस की नाही. आणि तू लिहितेस, नाहीच म्हणावं लागणार.

का, त्याची कारणं पुढे दिली आहेस. सगळी वाचली. शाळेचा व्हॅनवाला शिवाप्पा तुमच्या गेटपर्यंत येत नाही, मोठ्या रस्त्यावर सोडतो. पाळणाघरात मुग्धी रडते. खालच्या मजल्यावरची बाई एकदा सांभाळते पण तीनदा सांभाळणार नाही. तुझी आई पुण्याहून येईल पण तिची कंबर धरलेली आहे. मी येऊ शकेन का, असं तू विचारलं नाहीस, पण मागे-पुढे जागा सोडून ठेवली आहेस.

मी येणार नाही. तुमच्या चौदाव्या मजल्यावरून खाली बघितलं की मी भिंत धरून बसते आणि तिथे संध्याकाळी बोलायला लिफ्टशिवाय कुणी नसतं. शिवाय मी आले की सगळे म्हणतील, झालं, सुटला प्रश्न. सुटणार नाही. माझे गुडघे जातील तेव्हा तो परत तुझ्याच पुढ्यात येऊन बसेल.

आणि तुझ्या कारणांत एक माणूस नाही. व्हॅनवाला आहे, शेजारीण आहे, तुझी आई आहे, मी आहे. पोरीचा बाप नाही. एका ओळीत नाही. तू विसरलीस असं मला वाटत नाही. तुला विचारावंसंच वाटलं नाही, कारण तो नाही म्हणणार नाही, "बघतो" म्हणेल. आणि त्या "बघतो"वर तू जर्मनीला हो कशी म्हणणार?

म्हणून आत्ता मी त्याला इथे विचारलं. तो सांडग्याची आमटी पीत होता.

"सोमवार, बुधवार, गुरुवार. मुग्धीला तू आणशील?"

"बघतो अज्जी. मीटिंगवर आहे ते."

"अंजलीने आजवर तुला कधी 'बघते' म्हणलंय?"

आमटीचा घोट तसाच राहिला. मग म्हणाला, "मी रोज लवकर निघालो तर टाळ्या थांबतील गं." खरं बोलला. एकदा गेला तर बाप असावा तर असा, रोज गेला तर त्यालाही पर्स जिन्यात ठेवावी लागेल. त्याला म्हणलं, ठेव. दोघांच्या पर्स जिन्यात असल्या तर हसणाऱ्याला हसू अर्धं वाटून द्यावं लागेल.

अंजली, काम घे असं सांगायला मी बसलेली नाही. तुझ्या वतीने एकदा बोलले, पुरे झालं. तुला त्या जर्मनीचा कंटाळा आला असेल, संध्याकाळी मुग्धीजवळ बसावंसं वाटत असेल, तर नाही म्हण, मी चंपाला सांगीन की आमच्या अंजलीने सोडलं, तिला नको होतं. पण पोरीला कोण आणेल म्हणून नाही म्हणू नकोस. त्याचं उत्तर तू द्यायचं नाहीस, तुला ते एकटीला विचारलेलंच नाही.

पुढच्या रविवारी ये. आलीस की वरच्या खोलीत बस, दार लावून घे. बायका येवोत, नवरा येवो, आकाश पडो, मी जिना चढणार नाही.

आणि संतोषकुमार, हे पत्र तू मेट्रोत उघडून वाचतोस हे मला माहीत आहे. मी पिना मारते आणि तू पिना काढून परत मारतोस, भोकं दुप्पट होतात. तर हे शेवटचं तुला. या पत्राला अंजलीने उत्तर द्यायचं नाही, तिला काम आहे. उत्तर तू द्यायचंस. आज घरी पोचलास की तिच्यासमोर बसून, स्वतःच्या हाताने. तीन वार लिहायचे आणि प्रत्येकापुढे कोण जाणार ते नाव लिहायचं. आधी तिला दे, उद्या सकाळी तिला ते लागणार आहे. मग मला पाठव. "बघतो" लिहिलंस तर कागद परत येईल.

शारदाबाई